नोकरीचा भरवसा नाही, रात्री झोप नाही. अशा वेळी येशूवरचा विश्वास खरंच आधार देतो का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत माणसं कमी करणं चालू आहे, घराचा हप्ता डोक्यावर आहे, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, आणि कुणी 'देवावर सोपवा' म्हटलं की आणखीच एकटं वाटतं. हो, आधार मिळतो. मला मिळाला. मात्र मी मागितला होता वेगळाच.

२०२० च्या जूनमध्ये माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. एकाच कारखान्यात बारा वर्षं काढली होती त्यांनी. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून हिशेबाची वही उघडली. हप्ता, मुलीची फी, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या असं लिहीत गेले. जमेची बाजू कोरीच राहिली. समोर फ्रिजवर मुलीला संडे स्कूलमध्ये मिळालेलं वचनाचं कार्ड होतं, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, यिर्मया २९:११. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. लहानपणापासून पाठ असलेलं ते वचन त्या रात्री मला खोटं वाटलं. हे लिहिताना आजही जड जातं, पण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही.

सकाळी मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पवित्र शास्त्र पुढे सरकवून म्हणाल्या, "त्याच्या वरचं वाच." वर काय आहे? ते वचन यिर्मयाच्या एका पत्रातलं आहे. ते पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि परत यायला सत्तर वर्षं लागतील असं त्यात स्पष्ट सांगितलंय. सत्तर! ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हे वचन बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं असं माझं मत आहे. मग संकट टळलं नाही की माणसाला वाटतं, माझाच विश्वास कमी पडला.

त्याच पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय तुम्ही आज वाचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अशा वेळी कोण जमीन घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल (त्या काळचं वजन) रुपं तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील असं देवाने सांगितलंय. पुढे यिर्मयाला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेलं. त्या शेतात त्याने नांगर घातल्याचं शास्त्रात कुठेही नाही.

आशा म्हटलं की मला तेव्हापासून ते मडकं आठवतं.

आणि पंडिता रमाबाई. ऐन तारुण्यात काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील, बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. प्रभूची ओळख त्यांना त्यानंतर झाली, आणि त्यानंतरही दुःख थांबलं नाही. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्या नऊ महिन्यांत त्या टेबलापाशी कशा बसत असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आमच्याकडे चमत्कार झाला नाही. मंडळीचे खजिनदार मास्क लावून दारात आले, पाकीट ठेवलं आणि चहासुद्धा न घेता गेले. त्यात मुलीची एका सहामाहीची फी होती. मिस्टरांनी भावाच्या टेम्पोवर भाजी पोहोचवली. आठ महिन्यांनी नोकरी लागली, पगार आजही जुन्याइतका नाही. पण रोज रात्री जेवणानंतर आम्ही चौघं हात धरून स्तोत्र २३ म्हणायचो. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' हे शब्द आले की मिस्टरांची पकड घट्ट व्हायची. ती दरी चुकवण्याचं वचन त्या स्तोत्रात नाही, पण तिथे मेंढपाळ सोबत आहे. तेवढ्यावर मला झोप लागायची. रोज नाही, पण लागायची.

झोपेचं मात्र डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवाने आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं.

आमची प्रार्थना बुधवारी संध्याकाळी साडेसातला असते. तुमचं नाव मला माहीत नाही, सांगायचीही गरज नाही. रात्री दोनला जागी असलेली व्यक्ती म्हणून या बुधवारी तुमच्यासाठी मागणी करणार आहे.