खुर्ची घरात आली म्हणजे चालणे संपले का?

“मॅडम, व्हीलचेअर घरात आली की पोरगा कायमचा बसला, असंच ना?” रत्नागिरी जिल्ह्यातील एका काकींनी विचारलेला हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकायला मिळतो. (ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा २४ वर्षांचा मुलगा आंबे काढताना झाडावरून पडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालची संवेदना व हालचाल गेली. नातेवाइकाने दिलेली व्हीलचेअर पडवीत चादरीखाली पडून होती, कारण तिच्यात बसवले की तो एका बाजूला कलंडे आणि थोड्याच वेळात “उतरवा” म्हणे. त्याला खुर्चीच नको आहे, असा अर्थ घरच्यांनी काढला होता.

व्यवसायोपचार तज्ज्ञांनी (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांनी) घरी येताच टेप काढली. बैठक १८ इंच रुंद, आणि बसल्यावर मुलाच्या नितंबांची रुंदी १४ इंच! बैठक शरीरापेक्षा साधारण इंचभरच रुंद असावी आणि तिची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे, हे त्यांनी काकींचाच हात तिथे ठेवून दाखवले. मधले दार २५ इंचांचे असल्याने जुनी खुर्ची तिथेच अडत होती. उंबरठा ४ इंच उंच, म्हणजे एकास बारा या प्रमाणात (एक इंच उंचीला बारा इंच लांबी) उताराची लांबी ४ फूट हवी. संवेदना नसलेल्या त्वचेवर जखम होत असली तरी कळत नाही. म्हणून दाब विभागणारी गादी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलण्याची सवय, या दोन्हींवर त्यांनी सर्वाधिक वेळ घालवला.

तो पुन्हा चालेल असे आश्वासन मी दिले नाही, पण खुर्चीमुळे व्यायाम थांबत नाहीत, उलट महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहण्यानेच ताकद जाते, हे स्पष्ट सांगितले. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडून दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज केला. सोबत तज्ज्ञांनी लिहिलेली मापेही दिली. खुर्ची मिळेपर्यंत जुन्याच बैठकीत दोन्ही बाजूंना घट्ट आधार बसवून घेतले.

नवी खुर्ची आल्यानंतरच्या भेटीत काकींनी विचारले, “पावसात खळ्यात चाकं रुततील, त्याचं काय करायचं?”