मोडेमला दोन पासवर्ड असतात, आपण एकच बदलतो

म्हणजे कराडला आईबाबांकडे नवीन फायबर घेतलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा पण आतल्या खोलीत ८-१० च्या वर जात नाही, जोडायला आलेला मुलगा वायफायचा पासवर्ड बाबांचा मोबाईल नंबरच ठेवून गेला, शेजारचं कुणीतरी फुकट वापरतंय अशी तुम्हाला शंका आहे, आणि मोडेमवर मधूनच लाल दिवा लागतो. म्हणून वायफायचं नाव लपवू का, मॅक फिल्टर (यादीतल्या उपकरणांनाच आत घ्यायची सोय) लावू का असं विचारताय.

दोन्ही नका करू. नाव लपवलं तरी कुठलंही फुकटचं अ‍ॅप ते दाखवतं, उलट लपवलेल्या नावासाठी तुमचेच फोन जाल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात. आणि मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक, हवेतून उघडाच जातो, बघणारा तो उचलून स्वतःला लावून घेतो. शिवाय आजकालचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे मावशी आल्या की त्यांचा फोन यादीत कसा घालायचा म्हणून बाबा तुम्हाला रात्री दहाला फोन करणार. चोर अडत नाही, पाहुणा अडतो.

खरी गोष्ट वेगळीच राहते. वायफायचा पासवर्ड एक आणि मोडेमच्या आत शिरायचा पासवर्ड दुसरा. पहिला सगळे बदलतात, दुसरा वर्षानुवर्षं अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असतो. २०१६ मध्ये मिराई नावाचं जे मालवेअर (उपकरणात शिरणारा घातक प्रोग्राम) आलं त्याने काही फार हुशारी केली नव्हती, कंपनीतून येणाऱ्या साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून बघायच्या, बस, तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड मोडेमना असंच मालवेअर लागलं होतं आणि तेव्हाही सल्ला हाच होता की मूळचा पासवर्ड बदला.

मी स्वतः हे शिकलो ते हात पोळून. चारेक वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्या फोनवर रमीच्या जाहिराती यायला लागल्या, साधी बातमी उघडली तरी मध्येच रमी. बायकोचा फोन फॅक्टरी रीसेट केला, मुलाला नाही नाही ते बोललो, त्याचा लॅपटॉप पुसला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी सहज मोबाईल डेटावर उघडून बघितलं तर जाहिरात गायब. मग डोक्यात प्रकाश पडला. मोडेमच्या आत जाऊन बघितलं तर डीएनएसच्या दोन्ही रकान्यांत भलतेच आकडे भरलेले. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता सांगणारा, तोच बदलला की पत्ता विचारणाऱ्याला कुठल्याही गल्लीत नेऊन सोडता येतं. माझा आतला पासवर्ड काय होता हे सांगायला नको.

तर कराडला गेलात की पहिल्यांदा मोडेम उलटा करा. खाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१, काहींना शेवटी १.२५४ किंवा ०.१), युजरनेम आणि पासवर्ड. घरच्या वायफायला जोडलेलं असतानाच ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, असुरक्षित आहे म्हणून ब्राउझर ओरडेल, ओरडू दे, पुढे जा. आत मॅनेजमेंट किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असं काहीतरी सापडेल, तिथे लॉगिनचा पासवर्ड बदला आणि बाबांच्या डायरीत लिहून ठेवा, होय कागदावर, घरातल्या डायरीपर्यंत कुठला हॅकर येत नाही. तिथेच रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून मोडेममध्ये शिरायची सोय, चालू असेल तर बंद. मात्र टीआर-०६९ नावाची भानगड दिसली तर तिला हात लावू नका, त्यातून ऑपरेटर सेटिंग पाठवतो, बंद केलीत तर पुढच्या तक्रारीला तो तुमच्यावरच ढकलेल.

आणि कृपा करून पिनच्या भोकात टाचणी घालून रीसेट मारू नका! दहा सेकंद दाबलं की ऑपरेटरने भरलेलं पीपीपीओईचं नाव, व्हीलॅनचा आकडा, म्हणजे नेट जोडायला लागणारं सगळं पुसलं जातं आणि मग तो मुलगा परत येईपर्यंत बसा. काही बदलायच्या आधी वॅनच्या (बाहेरच्या नेट जोडणीच्या) पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता वायफाय. सिक्युरिटीमध्ये, म्हणजे वायफायचं कुलूप निवडायच्या जागी, डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा, डब्ल्यूपीए३ चा मिश्र पर्याय असेल तर तो, टीकेआयपी हे जुनं कुलूप दिसलं तर नको. डब्ल्यूपीएस बंद करा, बटण दाबून जोडायची ती सोय. तिचा पिन आठ आकडी, त्यातला शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा, आणि मोडेम पहिले चार बरोबर आहेत का ते वेगळं सांगतो, म्हणजे दहा कोटी नाही, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत काम होतं. हे २०११ पासून जगाला माहीत आहे आणि तरीही बऱ्याच डब्यांत ते चालूच येतं.

मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून सगळ्यात वाईट. शेजाऱ्यांकडे तो आहेच, आणि नसला तरी दहा आकडे म्हणजे चांगल्या ग्राफिक्स कार्डला काही तासांचं काम. चार असंबद्ध शब्द घ्या, इंग्रजी अक्षरांत, ताक सायकल मंगळवार फणस असं काहीतरी (हेच नका ठेवू). आईंनाही सांगता येतं.

कुणी चार व्हिडिओ फुकट बघितले तर बघितले असं बाबा म्हणतील, माझे वडीलही म्हणायचे. त्यांना २००८ आठवून द्या. अहमदाबादच्या स्फोटांआधी जो धमकीचा ईमेल गेला त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या घरच्या वायफायपर्यंत आला आणि पोलीस त्याच्या दारात. त्याने पाठवलाच नव्हता, पण चौकशी त्याचीच झाली. नंतरचे मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. जोडणी ज्याच्या नावावर, दार त्याचंच वाजतं.

स्पीडचं म्हणाल तर मला चोर वाटत नाही, भिंत वाटते. आधी लॅपटॉप वायरने मोडेमला लावून मोजा. तिथे ९० च्या पुढे आलं तर ऑपरेटर सुटला, दोष घरातला. मोडेम नक्की टीव्हीच्या शोकेसमध्ये मागे कोंबलेला असणार, बरोबर? तो बाहेर, उंचावर, घराच्या मध्याकडे आणा. वायफायचे दोन पट्टे असतात: ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण जाड भिंतीपुढे ढेपाळतं, २.४ आत पोचतं पण त्यावर आख्ख्या आळीची गर्दी, वर मायक्रोवेव्ह. दोघांना वेगवेगळी नावं द्या, २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो आणि चॅनलची रुंदी २०. एवढं करूनही आत येत नसेल तर रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) घेऊ नका, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं म्हणजे अर्धा वेग तिथेच जातो. वायर टाका आणि घरात पडलेला जुना राउटर लावा, पण वायर त्याच्या लॅनच्या (घरातल्या वायरींच्या) भोकात, वॅनच्या नाही, आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करून डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करून. जुनं घर, दगडमातीची भिंत असेल तर याला पर्याय नाही, मी सासुरवाडीला तेच केलं.

सीसीटीव्ही असेल तर तो गेस्ट नेटवर्कवर टाका आणि यूपीएनपी (उपकरणांना स्वतःच बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करा. टीव्ही मात्र मुख्य नेटवर्कवरच ठेवा, नाहीतर मोबाईलवरून कास्ट होत नाही आणि आई तुमच्या नावाने खडे फोडतील. कॅमेरेवाला पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून कॅमेरा बघायला मोडेममधून वाट) करून देतो म्हणाला तर वॅनचा आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो बऱ्याच घरांत मिळून वापरला जाणारा सामायिक पत्ता आहे, फॉरवर्ड चालणारच नाही, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

राहिलं लाल दिव्याचं. मोडेमवरचा एलओएस (फायबरचा सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल झाला तर वायफायशी काही संबंध नाही, प्रकाश येत नाहीये. हिरव्या टोकाची पिवळी वायर कपाटामागे करकचून वाकली आहे का बघा, टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. अधूनमधून तुटत असेल तर आतल्या पानावर रिसीव्ह पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा, उणे २५ पर्यंत ठीक, उणे २७ च्या आसपास असेल तर तोच आकडा तक्रारीत सांगा, नेट स्लो आहे म्हणण्यापेक्षा माणूस लवकर येतो.

मेनू सापडले नाहीत तर खालच्या स्टिकरचा फोटो टाका, मॉडेल बघून सांगतो. पासवर्डवर बोट ठेवून काढा.