लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवताना

लिनक्सच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला कर्नलच्या ‘स्टेजिंग’ फोल्डरमधला, म्हणजे अजून पुरेसा पक्का न झालेला, एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) घ्या. तिथे साफसफाईची छोटी कामं भरपूर असतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका पॅचमध्ये एकच बदल. बग दुरुस्त करता करता शेजारच्या ओळीही नीटनेटक्या कराव्याशा वाटतात. तो मोह आवरा. तपासणाऱ्याला खरा बदल त्या गर्दीत सापडत नाही, आणि पुढे काही बिघडलं तर नेमका तेवढाच भाग मागे घेता येत नाही.

पाठवण्याआधी:

- एका ओळीचा बदल असला तरी कंपाइल करून बघा. इथेच बरेच जण चुकतात.
- कोडच्या शैलीतल्या चुका दाखवणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा.
- ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ घाला. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते.
- ईमेल साध्या मजकुरात पाठवा, पॅच अटॅचमेंट म्हणून जोडू नका.

काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. पॅचसोबतच्या संदेशात ‘का’ बदललं ते लिहा.

उत्तर नाही आलं तर किमान आठवडाभर थांबा. चुका दाखवल्या तर खचू नका, माझा पहिला पॅच तिसऱ्या खेपेला घेतला गेला होता. पॅचमालिका (एकत्र पाठवलेले अनेक पॅच), रीबेस (आपले बदल नव्या कोडवर पुन्हा बसवणं) वगैरे नंतर बघू.