ब्रेडचं पीठ मळायला महागडा मिक्सर घ्यावा का?

तुमचं पत्र लांब आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडतो. दोन वर्षं तुम्ही घरी ब्रेड करताय, आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक किलो पिठाचा. मळणं हातानेच, आणि आता मनगट दुखायला लागलंय. तुमच्या नजरेत तीन यंत्रं आहेत. एक स्वस्त स्टँड मिक्सर (ओट्यावर ठेवायचं, भांड्यात हुक म्हणजे वाकडी दांडी फिरवून पीठ मळणारं यंत्र), दुसरा त्याच्या चौपट किमतीचा, नावाजलेल्या कंपनीचा, आणि तिसरा सातपट किमतीचा, फक्त पीठ मळणारा छोटा स्पायरल मिक्सर. स्वस्त मिक्सरच्या किमतीला आपण ‘एक भाग’ म्हणू, म्हणजे तुमची यंत्रं एक, चार आणि सात भागांची. महिन्याला तुमच्या हातात साधारण दोन भाग उरतात. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम दोन महिन्यांच्या खर्चाला पुरेल एवढी आहे आणि एका कर्जाचा हप्ता चालू आहे. मिक्सर हप्त्यावर घ्यावा का, आणि शेजारीपाजारी ब्रेड विकून त्याचे पैसे निघतील का, हे तुमचे दोन प्रश्न.

मधला घ्या. पण आत्ता नको आणि हप्त्यावर तर नकोच. घेतल्यावरही त्यात एका वेळी एक किलो पीठ घालू नका.

पत्रासोबत तुम्ही एक तक्ता जोडलाय: विकतचा ब्रेड केवढ्याला, घरचा केवढ्याला, आणि त्या फरकातून मिक्सर किती महिन्यांत फिटेल. तक्ता नीटनेटका आहे, पण या निर्णयात त्याचा उपयोग नाही. ती बचत तुम्ही आजही करताच आहात, हाताने मळून. मिक्सर आल्यावर त्यात एका पैशाची भर पडणार नाही. खर्चाचा हिशेब करताना ती वस्तू घरात आल्यावर नेमकं काय बदलणार, एवढंच धरायचं. इथे बदलणार आहे तुमचं मनगट आणि तुमचा वेळ. हाताने मळायला दहा-बारा मिनिटं लागत असतील, तर वर्षाच्या शंभर वेळांचे साधारण वीस तास होतात. त्यातून भांडं आणि हुक धुण्याचा वेळ वजा करा. म्हणजे पंधरा-सोळा तास. या तासांसाठी आणि न दुखणाऱ्या मनगटासाठी चार भाग मोजायची तयारी आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या मते, असायला हवी. दोन वर्षं हाताने मळणाऱ्याची आवड चार दिवसांची नसते. नुकतीच सुरुवात करणाऱ्या कुणी हेच विचारलं असतं, तर मी आधी सहा महिने हाताने मळायला सांगितलं असतं.

आता स्वस्त की महाग. ‘एकदाच घ्या, चांगलं घ्या’ हे वाक्य दुकानात फार चालतं, पण आकड्यात घातलं की तेवढं भक्कम राहत नाही. स्वस्त मिक्सर दोन वर्षं चालला तर वर्षाला अर्धा भाग पडतो. त्याची बरोबरी करायला चार भागांच्या मिक्सरला आठ वर्षं चालावं लागेल. किंवा पाच वर्षांनी तो विकून दीड भाग हातात आला, तर अडीच भागांत पाच वर्षं, म्हणजे पुन्हा वर्षाला अर्धाच. महाग वस्तू आपोआप किफायतशीर ठरत नाही. ती दीर्घकाळ चालावी लागते, बिघडली तर दुरुस्त व्हावी लागते आणि नको झाली तर तिला गिऱ्हाईक मिळावं लागतं. या तिन्ही बाबतींत मधला मिक्सर पुढे आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने. नावाचा मान म्हणून नव्हे.

दुरुस्तीचं जरा उलगडून सांगतो, कारण खरे पैसे तिथेच वाचतात. किचनएडचा पहिला घरगुती मिक्सर १९१९ चा, आंकरस्रूमचं स्वीडिश यंत्र १९४० चं, केनवुड शेफ १९५० चा. मूळ रचना इतकी वर्षं टिकली की तिचे सुटे भाग मिळतात आणि ती उघडून बसवणारी माणसंही मिळतात. काही मिक्सरमध्ये तर एक गिअर मुद्दाम मऊ धातूचा किंवा प्लास्टिकचा ठेवलेला असतो. पीठ फार घट्ट झालं की आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. असा गिअर तुटला की लोक यंत्राच्या नावाने खडे फोडतात, पण गिअर ही थोडक्या पैशांत बदलता येणारी वस्तू आहे, जळलेली मोटर नव्हे. अनेक मिक्सरच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रशही झिजतात आणि बदलता येतात. म्हणून विक्रेत्याला वॉरंटी किती वर्षांची एवढंच विचारून थांबू नका. गिअर आणि ब्रश सुटे मिळतात का, ते कोण बसवतं, हे विचारा. स्वस्त यंत्राबाबत याचं उत्तर बहुतेकदा ‘नवीन घ्या’ असंच येतं.

स्वस्त मिक्सरच्या खोक्यावर १५०० वॅट लिहिलंय आणि मधल्यावर त्याच्या निम्म्याहून कमी, यावर तुम्ही अडलात. अडू नका. तो आकडा यंत्र किती वीज ओढतं ते सांगतो. हुकापर्यंत किती जोर पोहोचतो, हे मोटरच्या जातीवर आणि गिअरवर ठरतं. उरलेली वीज उष्णता आणि आवाज होऊन जाते. विजेच्या बिलाची काळजी मात्र सोडून द्या. ५०० वॅटचं यंत्र दर वेळी दहा मिनिटं, असं वर्षात शंभर वेळा चाललं, तरी आठ-साडेआठ युनिटच होतात.

वाचायचं असेल तर माहितीपुस्तिका वाचा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते, यंत्र घ्यायच्या आधीच. भांडं किती लिटरचं हे बाजूला ठेवा. ब्रेडसाठी जास्तीत जास्त पीठ किती, तेच कोंड्यासकट सबंध गव्हाचं असेल तर किती, कुठल्या वेगाच्या वर न्यायचं नाही आणि किती मिनिटांनी यंत्राला विश्रांती द्यायची, हे चार आकडे शोधा. किचनएड हुकाने मळताना दुसऱ्या वेगाच्या वर जाऊ नका म्हणतं. काही यंत्रांच्या तळाशी ‘केबी’ आणि पुढे मिनिटांचा आकडा असतो. तेवढीच मिनिटं सलग चालवायचं, मग थंड होऊ द्यायचं. घरगुती मिक्सर जळण्यामागे पुष्कळदा हेच असतं: वेग जास्त, पीठ जास्त, थांबणं नाही.

तुमचा गोळा किती घट्ट आहे तेही पाहा. एक किलो पिठाला ६२० मिली पाणी घालता (पिठाच्या ६२ टक्के), म्हणजे मीठ धरून साधारण १.६४ किलोचा गोळा होतो. हे प्रमाण मध्यम आहे. बेगल या कडीसारख्या पावाचं असतं तसं ५५ टक्के पाण्याचं घट्ट पीठ यंत्राची खरी परीक्षा घेतं, ७५ टक्क्यांचं सैल पीठ मोटरला हलकं जातं. मधल्या मिक्सरची कमाल मर्यादा एक किलो पीठ असं तुम्हीच लिहिलंय. दर वेळी मर्यादेवर चालवलं तर त्याची आठ वर्षं चारवर येतील आणि वरचा सगळा हिशेब कोलमडेल. अर्धा-अर्धा किलो दोनदा मळा. यंत्र मळत असताना तुम्हाला उभं राहायचं नाही, त्यामुळे वाढलेली मिनिटं फारशी जाणवणार नाहीत. फक्त पहिला गोळा थोडा आधी फुगेल, तेवढं लक्षात ठेवा.

स्पायरल मिक्सरचा मोह मी समजू शकतो. त्यात भांडं फिरतं, हुक आपल्या जागी गिरक्या घेतो, गोळा कमी तापतो आणि छान मळला जातो. पण तो पीठ मळण्यापुरताच, जड असतो, थोडं पीठ घातलं तर नीट मळत नाही, आणि जुना विकायचा तर गिऱ्हाईक कमी. आठवड्याला दोन किलोसाठी सात भाग मला जास्त वाटतात. आठ-दहा किलो करत असता तर मीच तो सुचवला असता.

आता पैसे. आपत्कालीन रकमेला हात लावायचा नाही. दोन महिन्यांचा खर्च ही आधीच तोकडी रक्कम आहे. दर महिन्याच्या दोन भागांतला एक तिकडे वळवा, दुसरा मिक्सरसाठी वेगळ्या खात्यात. चार महिन्यांत मिक्सर रोखीने येईल. शून्य व्याजाच्या हप्त्याची जाहिरात दिसली तर तीच वस्तू रोख केवढ्याला मिळते ते विचारा आणि प्रक्रिया शुल्क पाहा. पुष्कळदा हप्त्यावर न मिळणाऱ्या रोखीच्या सवलतीतच व्याज लपलेलं असतं. कार्डावर घेऊन बाकी ठेवली आणि व्याज महिन्याला ३ टक्के असेल, तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. एक हप्ता चालू असताना दुसरा, तोही ब्रेडसाठी, मला पटत नाही.

हे चार महिने मनगटाला त्रास न देता काढता येतात. पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. फ्रेंच बेकर रेमों काल्व्हेल यांनी रूढ केलेली ही पद्धत, ऑटोलिझ. तेवढ्या वेळात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, आपोआप बांधलं जातं आणि मळणं बरंच कमी होतं. किंवा पाणी वाढवून गोळा दर अर्ध्या तासाने ताणून घडी घाला, तीन-चारदा. न मळता बारा ते अठरा तास ठेवायची पद्धतही आहे. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांच्यामुळे ती २००६ मध्ये घरोघरी पोहोचली. या काळात असा ब्रेड तुम्हाला आवडू लागला आणि मिक्सर नकोच वाटला, तर चार भाग आपत्कालीन रकमेत जातील. मला त्याचंही वाईट वाटणार नाही. दुखणं मात्र थांबत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

ब्रेड विकायचा विचार मिक्सरपासून वेगळा काढा. घरगुती यंत्राची वॉरंटी धंद्यासाठी वापरल्यावर बहुधा लागू होत नाही, आणि खाद्यपदार्थ विकण्याचे नियम आधी पाहावे लागतात. शिवाय तुमच्या कागदावर तुमच्या श्रमाची किंमत शून्य धरलीये. ती धरली की नफा किती उरतो, ते मांडून पाहा आणि मग लिहा.

वापरलेला मिक्सर मिळाला तर जरूर पाहा, चार भागांचा दोनात येऊ शकतो. नुसता रिकामा फिरवून घेऊ नका, अर्धा किलो पीठ सोबत न्या आणि समोर मळून बघा. वरचा भाग उडतो का, गिअरचा खडखडाट येतो का, भांड्यात तेल गळतं का, हुक तळापर्यंत पोहोचतो का. तेल गळणं म्हणजे बहुतेकदा जुनं झालेलं ग्रीस, ते बदलता येतं. ती किंमत भावातून कमी करून घ्या. नवा घेतलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत त्यात तुमचं सगळ्यात घट्ट पीठ मळून पाहा, आणि बिल व वॉरंटीचा कागद यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बिलावरची शाई पुसट होते.