पिकअपचे ॲव्हरेज घटले म्हणजे ड्रायव्हर डिझेल काढतो असे समजावे का? खरे ॲव्हरेज कसे मोजावे आणि कसे वाढवावे?

रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावर चालणाऱ्या आपल्या पिकअपचे ॲव्हरेज १४ वरून ११ वर आले आणि आपला पहिला संशय ड्रायव्हरवर गेला, असे आपण लिहिले आहे. मोजणी नीट झालेली नसताना हा संशय बोलून दाखवणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण याच मार्गावर, अशाच आकड्यांवरून, हाच आरोप माझ्यावर झालेला आहे.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर होतो. आमचे शेठ रत्नागिरीत टाकी भरून देत, कोल्हापुरात पोहोचल्यावर डिझेलचा काटा कुठे आहे ते फोनवर विचारत आणि तेवढ्यावरून ॲव्हरेज ठरवत. रत्नागिरी समुद्रालगत आहे आणि कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, ही गोष्ट त्यांनी हिशेबात कधीच धरली नाही. गाडी, मासळी आणि बर्फ मिळून वजन तीन टन धरले, तर ते एवढे वर चढवण्यासाठीच साधारण दीड लिटर डिझेल जास्तीचे जळते, मग स्टिअरिंगवर कोणीही बसलेला असो. सुमारे १३० किलोमीटरच्या वाटेत दीड लिटर म्हणजे ॲव्हरेजमध्ये दीड-दोनचा फरक पडला. परतताना तीच गाडी रिकामे क्रेट घेऊन आंबा घाट उतरते तेव्हा आकडा चांगला येतो, पण तो आकडा त्यांनी कधी मागितला नाही.

पुढे एका वर्षी ॲव्हरेज खरोखरच घटले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गाडी हँडब्रेक लावून उघड्यावर उभी होती आणि बंदी उठल्यावर ती पहिल्याच फेरीपासून जड चालू लागली. साखरप्याच्या अलीकडे मी थांबून चारही चाकांजवळ हात नेला, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा कितीतरी तापलेला होता. हे मी त्याच रात्री शेठना सांगितले. दुसऱ्या दिवशी बंदरावर, चार ड्रायव्हरांच्या देखत, त्यांनी मला डिझेलचोर म्हटले. अखेर मेस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, तर ते चाक हाताने पुरता एक फेराही घेईना. वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्यातून वर्षानुवर्षे खाली गळत होते, त्याने हँडब्रेकची केबल आवरणातच गंजली होती आणि हँडब्रेक खाली केला तरी ब्रेकचे लायनर ड्रमला घासतच राहत होते. केबल आणि व्हील सिलिंडर बदलल्यावर ॲव्हरेज पूर्ववत झाले, पण तो शब्द मागे घेतला गेला नाही. त्या हंगामानंतर मी ते काम सोडले. आज माझी स्वतःची गाडी आहे.

आता मोजणीविषयी. काट्यावर विश्वास ठेवू नये, कारण तो अंदाजापुरता असतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, गाडी त्याच जागी सपाटीवर उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी. त्यानंतर वरून एक थेंबही घालू नये. मग जाऊन-येऊन पूर्ण फेरी करून पुन्हा तिथेच तशीच भरावी आणि झालेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी आणि प्रत्येक नोंदीपुढे माल किती होता ते लिहावे. मध्यंतरी टायर बदलले असतील तर ओडोमीटरही फोनवरील जीपीएसशी ताडून पाहावा. झिजलेल्या टायरवर तो अंतर जास्त दाखवतो, त्यामुळे नवे टायर घातल्यावर गाडीत काहीही न बिघडता ॲव्हरेज उतरल्यासारखे दिसते.

वाढवण्याचे म्हणाल, तर टायरमधील हवा गाडी थंड असताना, मालाच्या वजनाप्रमाणे ठेवावी. ताडपत्री ताणून बांधावी, कारण फडफडणारी ताडपत्री वारा धरते. वेग ६० वरून ८० वर नेला की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो, आणि घाटरस्त्यावर त्यातून वाचणारा वेळ नगण्य असतो. जांभ्याच्या चिरेखाणींच्या रस्त्यावर गाडी जात असेल तर एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच पाहावा.

आमचे शेठ मात्र सांगत की उतारावर न्यूट्रल कर, ॲव्हरेज वाढेल. ही समजूत चुकीची आहे आणि जीवघेणीही आहे. कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे इंजेक्टरमधून किती डिझेल सोडायचे हे संगणक ठरवतो अशी, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टरचे डिझेल बंद होते, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि आंबा घाटातील वळणांवर तापलेले ब्रेक पकड सोडतात. ड्रायव्हरकडून ॲव्हरेज मागताना मालकाने त्याला याच्या नादाला लावू नये.

आपली गाडी बीएस-६ या प्रदूषण मानकाची असून तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असेल, तर त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठीही अधूनमधून जास्त डिझेल लागते, विशेषतः गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला. तेवढी तफावत गृहीत धरावी. काही ड्रायव्हर डिझेल काढतात हेही खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण चारही चाके मोकळी फिरत असतील, हवा बरोबर असेल आणि नीट मोजूनही तूट राहत असेल, तर आधी पंपावरचे पाच लिटरचे प्रमाणित माप मागून त्यात डिझेल पूर्ण भरते का ते पाहावे. ग्राहकाला ते मागता येते. ते बरोबर निघाल्यावरच ड्रायव्हरशी बोलावे, आणि तेही त्याला एकट्याला बाजूला घेऊन.