अठ्ठावीस कोअर, राबतोय एकच

प्रश्न: नमस्कार सर, वसईला वालीवमध्ये आमचा छोटा गाळा आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक स्पार्क मशीन (ठिणगीने धातू कोरणारी), प्लॅस्टिकचे मोल्ड म्हणजे साचे बनवतो. डिझाइन सॉलिडवर्क्समध्ये आणि मशीनचं प्रोग्रॅमिंग मास्टरकॅमवर. आत्ताचा पीसी आठ वर्षं जुना आहे, मोठा मोल्ड उघडायला टाकला की मी टपरीवर चहा पिऊन परत येतो तरी गोल फिरतच असतं. लॅमिंग्टन रोडला एकाने जुनं वर्कस्टेशन दाखवलंय, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर म्हणजे एकूण २८ कोअर, ६४ जीबी रॅम, क्वाड्रो के२२०० ग्राफिक्स कार्ड, ५५ हजारात देतो म्हणतो. भाचा म्हणतो मामा भंगार घेऊ नको, गेमिंग पीसी बांध. बजेट ओढूनताणून सव्वा लाख. काय करू?

उत्तर: दादा, ते २८ कोअर ऐकून भुलू नका. मी भुललोय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच दोन प्रोसेसरवाला डबा मी हौसेने घेतला, घरी आणला, मोठी असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेली फाइल) उघडली, रीबिल्ड मारला म्हणजे मॉडेल नव्याने बांधायला लावलं, आणि टास्क मॅनेजर लावून बघतो तर प्रोसेसरचा वापर २ टक्के. दोन! मी कर्सरकडे बघत बसलोय, पंखे घोंघावतायत आणि मशीन ९८ टक्के रिकामं. हिशोब सोपा आहे, २८ कोअर म्हणजे ५६ थ्रेड (प्रत्येक कोअरला कामाच्या दोन रांगा), त्यातला एक थ्रेड पूर्ण ताकदीने राबला तरी एकूणात तो पावणेदोन-दोन टक्केच दिसणार.

असं का होतं ते तुम्हाला मशीनवरच्या भाषेत सांगतो. (आणि हो, इथे कोअर म्हणजे प्रोसेसरचा, मोल्डचा नाही, तुमच्या धंद्यात घोटाळा व्हायचा.) सॉलिडवर्क्सचं फीचर ट्री, म्हणजे मॉडेल बनवण्याच्या पायऱ्यांची यादी बघा, आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग ड्राफ्ट, मग शेल, मग फिलेट. फिलेट ज्या कडेवर बसणार ती कड आधीच्या फीचरमधून जन्माला येते, ती तयार झाल्याशिवाय पुढचं गणित सुरूच होत नाही. एकच जॉब एकाच व्हीएमसीवर लागलाय, रफिंग झाल्याशिवाय फिनिशिंग नाही, बाजूला आणखी सत्तावीस ऑपरेटर उभे केलेत तर ते तंबाखू मळत बसणार. त्यामुळे मॉडेलिंगला कोअर किती हे नाही बघायचं, एक कोअर किती जोरात पळतो ते बघायचं. तुम्हाला दाखवलेला झिऑन २०१६ चा आहे आणि टर्बोला जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ जातो. आजचा साधा आय७ किंवा रायझन ७ एका कोअरवर ५ गिगाहर्ट्झच्या वर जातो, शिवाय दर गिगाहर्ट्झमागे कामही जास्त उरकतो, म्हणजे फरक नुसत्या आकड्यात दिसतो त्याहून मोठा. अजून एक, तो झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. के२२०० कार्डही २०१४ चं, ४ जीबीचं.

तो डबा अगदीच टाकाऊ आहे असं नाही हं. कोणी दिवसभर रेंडर काढत असेल किंवा सिम्युलेशन सोडवत असेल तर तिथे कोअर खरंच वाटले जातात. मास्टरकॅममध्येही बऱ्याच टूलपाथचं (कटर फिरण्याच्या वाटेचं) गणित अनेक थ्रेडवर चालतं, एक ऑपरेशन मागे शिजत असताना तुम्ही पुढचं लावू शकता. म्हणून अगदी चार कोअरवरही भागवू नका, ८ जोरकस कोअर तुमच्या कामाला भरपूर झाले.

पण थांबा, खरेदीच्या आधी एक आठवडा माझं ऐका. वहीत लिहा की तुम्ही नेमकं कुठे थांबता. फाइल उघडताना? रीबिल्डला? टूलपाथला? का स्क्रीनवर मॉडेल फिरवताना अडखळतं? चारही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. सॉलिडवर्क्समध्ये इव्हॅल्युएट टॅबवर परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन म्हणून आहे, ते पार्टवर चालवा, कुठल्या फीचरने किती सेकंद खाल्ले ते सगळं समोर येतं. कंट्रोल क्यू मारलं की पूर्ण झाड नव्याने बांधलं जातं, तो वेळ मोबाइलवर मोजा. मी बघितलेल्या निम्म्याअधिक गाळ्यांत चोर भलताच निघतो. एका ठिकाणी प्रत्येक स्क्रूवर खरे हेलिकल आटे काढलेले, साठ-सत्तर स्क्रू, कशासाठी? कॉस्मेटिक थ्रेड (नुसते दाखवायचे आटे) लावले, टूलबॉक्समधले (तयार पार्टच्या लायब्ररीतले) स्क्रू साधे केले, फाइल फुलासारखी हलकी झाली. दुसरीकडे पार्टीने पाठवलेल्या स्टेप फाइलमध्ये (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारं मॉडेल) उठावाचा लोगो होता, शेकडो बारीक फेस म्हणजे पृष्ठभाग, तो शेवटी घ्यायचा आणि तोवर सप्रेस म्हणजे तात्पुरता बंद ठेवायचा. आणि फाइल उघडायला वेळ लागतोय ना, तर फाइल आहे कुठे? शेअर केलेल्या जुन्या पीसीच्या हार्डडिस्कवर, वायफायवरून? मग कुठलाही प्रोसेसर आणा, चहा प्यायला जावंच लागणार. चालू जॉब स्वतःच्या एसएसडीवर, बॅकअप दुसरीकडे.

टूलपाथचंही तसंच. रफिंगला अर्धा एमएम स्टॉक (जादा माल) ठेवतोय आणि टॉलरन्स (चालणारी चूक) टाकलाय ०.००२ एमएम, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता हसू पण येत नाही. जो माल नंतर फिनिशिंगमध्ये उडणारच आहे तो दोन मायक्रॉनमध्ये कोरून कोणाला दाखवणार? रफिंगला टॉलरन्स सैल करा, गणिताचा वेळ कमी होतो, प्रोग्रॅमची लांबीही कमी होते.

हे सगळं करूनही थांबावं लागत असेल, आणि आठ वर्षांच्या पीसीवर लागणारच, तर भाच्याचं अर्धं ऐका. प्रोसेसर गेमिंगवाल्यासारखाच, चालू पिढीचा आय७ किंवा रायझन ७. रॅम ३२ जीबी, पण १६-१६ च्या दोन पट्ट्या, एकच ३२ ची घेतलीत तर ड्युअल चॅनल (दोन पट्ट्यांवरून एकदम काम) मिळत नाही आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही. एनव्हीएमई एसएसडी १ टीबी. कार्डाच्या बाबतीत मात्र भाच्याचं नका ऐकू. जीफोर्सवर, म्हणजे एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डावर, सॉलिडवर्क्स चालतं, नाही असं नाही, पण सर्टिफाइड यादीत ते नसतं, रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दिसण्याची सोय) मिळत नाही आणि काही बिघडलं तर सपोर्टवाला पहिलं बोट कार्डाकडेच दाखवणार. तुमच्या साइजच्या मोल्डला एनव्हिडियाचं आरटीएक्स ए१००० पुरे आहे, ८ जीबी मेमरी आणि वीज खातं फक्त ५० वॉट, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. नेमकं कार्ड आणि ड्रायव्हर सॉलिडवर्क्सच्या यादीत बघूनच ऑर्डर द्या. बिल जीएसटीचं घ्या, नोंदणी असेल तर १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कच्च्यात दोन हजार वाचवून काय मिळवणार? आणि रॅम-एसएसडीचे भाव अलीकडे असे उड्या मारतायत की कोटेशन त्या दिवसापुरतंच धरा.

कोणी स्वस्तात वापरलेला इंटेल १३ व्या-१४ व्या पिढीचा वरचा डेस्कटॉप प्रोसेसर देत असेल तर जपून. त्यांच्यात व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा दोष निघाला होता, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच जखमी झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. बायोस अपडेट कधी केलं ते विचारा, उत्तर गोलगोल आलं तर पुढच्या दुकानात.

आता वालीवचं. तिकडची लाइट तुम्हाला माहितीच आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, मॉनिटर धरून हा पीसी त्यावर अगदी काठावर बसेल, म्हणून १००० किंवा ११०० व्हीए घ्या, आणि तो जमिनीवर ठेवू नका, जुलैत गाळ्यात पाणी कुठवर येतं ते तुम्हीच मला सांगाल. स्पार्कसाठी ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड तिथेच मिलिंग करत असाल तर पीसी त्या खोलीत नकोच. ग्रॅफाइटची पूड वीज वाहून नेते, मदरबोर्डवर बसली की शॉर्ट. बंद केबिन, आणि महिन्यातून एकदा ब्लोअर. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं.

प्रश्न: सर, मी सीप्झमध्ये ज्वेलरी कॅड डिझायनर आहे, मॅट्रिक्सगोल्ड वापरते. डोंबिवलीला घरून थोडं फ्रीलान्स करायचंय. मैत्रीण म्हणते मॅकबुक घे, लोकलमध्ये हलकं पडतं. घेऊ का?

उत्तर: ताई, मॅट्रिक्सगोल्ड फक्त विंडोजवर चालतं. ते ज्यावर बसतं ते ऱ्हायनो मॅकवर आहे, पण तुमचं सेटिंग, स्टोन, प्राँग (खडा पकडणारे दात) सगळं मॅट्रिक्सगोल्डमध्ये, त्यामुळे मॅकचा विषय इथेच संपला. आणि रोजच्या ८:१२ च्या गर्दीत लाखाचं लॅपटॉप छातीशी धरून उभं राहायची हौस असेल तर घ्या, माझं मत डेस्कटॉप. ऑफिसला मशीन आहेच ना, फ्रीलान्स घरी बसूनच करणार. लॅपटॉपमधलं कार्ड नावाला तेच असतं पण आतून वेगळं असतं, डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० म्हणजे १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० ला ८. वर तापलं की वेग उतरतो, आणि एप्रिल-मेमध्ये डोंबिवलीत ते तापणारच.

तुम्ही जिथे अडकता ते मला न सांगताही कळतंय, पावे म्हणजे बारीक खड्यांची दाट जडण. दोनशे खड्यांचे कटर एकदम बूलियन करायला (मॉडेलमधून वजा करायला) घेतले की प्रोग्रॅम पांढरा पडतो. तिथेही तेच, एकच कोअर राबतो. खडे ब्लॉक (एकाच खड्याच्या नकला) म्हणून ठेवा, बूलियन शेवटी करा, पंचवीस-तीसच्या गठ्ठ्यांत करा आणि त्याआधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह. झवेरी बाजारात पार्टीला दाखवायला लॅपटॉप लागत नाही, फोनवर अंगठी फिरतानाचा व्हिडिओ पुरतो.

प्रश्न: ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्क करतो. नवीन पीसी घेतला तर त्याला सिरियल पोर्टच नाही. साधा यूएसबी कन्व्हर्टर लावला, पण मशीनच्या जुन्या फॅनुक कंट्रोलवर मोठा प्रोग्रॅम ड्रिप फीडने (थोडा थोडा पाठवत) चालवताना मध्येच ०८७ अलार्म येतो. पीसी खराब लागला का?

उत्तर: पीसीला बोल लावू नका, तो निर्दोष आहे. ०८७ म्हणजे बफर ओव्हरफ्लो. कंट्रोल म्हणतोय थांब, पोट भरलं, आणि पलीकडून वाढणं चालूच आहे. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर थांबायचा निरोप उशिरा ऐकतात, आधीच रांगेत लागलेली अक्षरं ढकलून मोकळे होतात. डेस्कटॉप असेल तर सरळ पीसीआयई सिरियल कार्ड बसवा, काम संपलं. लॅपटॉप असेल तर चांगल्या चिपचा आणि आयसोलेशन असलेला कन्व्हर्टर घ्या, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या सेटिंगमधला बफर कमी करा. पीसीचं स्लीप आणि यूएसबीची वीज बचत दोन्ही बंद. ०८५ आला असता तर मी बॉड रेट (पाठवायचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) दोन्हीकडे जुळतायत का बघा म्हटलं असतं, ०८६ ला केबल आणि पलीकडचं पोर्ट चालू आहे का ते. केबल स्पिंडल ड्राइव्हच्या वायरींना चिकटून नेलीय का तेही एकदा बघा. आणि मशीन चालू असताना ती केबल काढ-घाल करू नका, पोर्ट उडालं तर कंट्रोलचा बोर्ड रिपेअरला जातो आणि तोवर मशीन झाकून ठेवावी लागते.

प्रश्न: मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कुर्ल्याला राहतो. ८ जीबी रॅमचा आय५ लॅपटॉप आहे. पप्पा म्हणतात शिकायला नवीन घेऊन देतो. कोणता घेऊ?

उत्तर: कुठलाच नको. मागचं झाकण उघडून बघ, रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ८ ची आणखी एक पट्टी टाक, हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाक. ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, दरवर्षी रिन्यू करायचं, फ्रीकॅड तर कायमच फुकट आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. क्रॅक टाकू नकोस, व्हायरस घरात आणशील. उरलेल्या पैशात एक चांगला व्हर्नियर घे, आणि घरातल्या कुकरचं हँडल मोजून त्याचं मॉडेल काढून मला पाठव.