आधी सुंठ, मग नक्षी

वाचकांचे प्रश्न : नाताळची जिंजरब्रेड कुकी

या महिन्यात जिंजरब्रेड कुकीबद्दल, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या बिस्किटाबद्दल, इतके प्रश्न आले की हे सदर तिलाच देऊन टाकते. बहुतेकांना आयसिंगची घाई आहे. दादरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी आयसिंगची पिशवी देत नाही. आधी कुकी कोरी खायची. ती खाऊन दुसरी उचलावीशी वाटली, तरच तिच्यावर रेघा ओढायच्या. म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने देते आहे.

प्रश्न : पाककृतींत मोलॅसिस लिहिलेलं असतं. इथे ते मिळत नाही आणि ऑनलाइन फार महाग पडतं. काकवी चालेल का? (कोल्हापूर)

चालेल, आणि माझ्या मते जास्त चांगली लागेल. तुमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं सुरू होतात, त्यामुळे डिसेंबरात तुमच्या हाती ताजी, घमघमीत काकवी असते. फक्त दोन्हींतला फरक लक्षात घ्या. उसाच्या रसातून साखरेचे कण काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळा पाक म्हणजे मोलॅसिस. त्यात गोडी कमी, कडवटपणा जास्त. काकवीतून काही काढून घेतलेलं नसतं. रस आटवत न्यायचा आणि गूळ होण्याच्या अलीकडे थांबायचं, की झाली काकवी. म्हणून ती गोड असते आणि बऱ्याचदा पातळही.

पातळ काकवीने पीठ चिकट होतं आणि मग लोक वर मैदा घालत सुटतात. तसं करू नका. पसरट भांड्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटं आटवा, चमच्यावरून मधासारखी सावकाश पडायला लागली की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कडवटपणाची कसर पाव छोटा चमचा इन्स्टंट कॉफीने भरून निघते. कॉफीची चव वेगळी कळत नाही, रंग मात्र छान गडद येतो.

प्रश्न : सुंठेऐवजी ताजं आलं किसून घातलं तर जास्त झणका येईल ना? (नाशिक)

उलट होतं. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं काही प्रमाणात शोगॉल बनतं, आणि शोगॉल जास्त तिखट असतं. ताज्या आल्याचा झणका जिभेच्या शेंड्याला लागतो आणि भाजताना मंदावतो. सुंठ मागाहून, घशापाशी ऊब देते. आपल्याला ती ऊब हवी आहे. शिवाय आल्याच्या पाण्याने कुकी मऊ पडते.

पण सुंठ कुठली, हे महत्त्वाचं. पाकिटातली पूड वर्षभर दुकानात पडून असेल तर तिला फक्त रंग उरतो. डिंकाच्या लाडवांसाठी माझ्या सासूबाई सुंठ मोडून बघूनच घेत. कट्‌दिशी तुटली पाहिजे, आत भोकं नकोत, आणि तुटल्याबरोबर वास आला पाहिजे. तीच परीक्षा इथेही लावा. घरी खलबत्त्यात ठेचा, मिक्सरमधून काढा आणि मैद्याच्या चाळणीतून चाळा, नाहीतर धागे दाताखाली येतात. युरोपातल्या मठांत आणि बेकऱ्यांत हा मसाल्याचा पदार्थ रुजला तेव्हा सुंठ मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांतून तिकडे जात होती. आपण तर उगमापाशी बसलो आहोत. मग आपण शिळी पूड का वापरायची?

प्रश्न : नेमकं प्रमाण द्याल का? आमच्याकडे अंडं चालत नाही. (सांगली)

अनसॉल्टेड बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर १२० ग्रॅम (गुळाची पावडरही चालते), काकवी १३० ग्रॅम, मैदा ३५० ग्रॅम. एका अंड्याच्या जागी २ मोठे चमचे दूध. सुंठेची पूड ३ छोटे चमचे, दालचिनी दीड छोटा चमचा, लवंग आणि जायफळ पाव-पाव चमचा, मीठ पाव चमचा, खायचा सोडा पाऊण चमचा. लवंगेला हात आखडता ठेवा, ती बाकी सगळ्यांना गिळून टाकते.

बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटा. त्यात काकवी, दूध घाला, मग चाळलेलं कोरडं सगळं. गोळा फार मळू नका. त्याचे दोन चपटे भाग करून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन तास तरी ठेवाच, रात्रभर ठेवलं तर अधिक चांगलं. रात्रभरात मैदा ओलावा पिऊन घेतो, मसाला पिठात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पीठ पोळपाटाला चिकटत नाही. माणसाच्या आकाराच्या दहा सेंटीमीटरच्या कटरने साधारण २५ कुकी होतात.

प्रश्न : कापताना माणूस सुबक दिसतो, पण ओव्हनमधून बाहेर येतो तो हातपाय सुजलेला. का? (ठाणे)

त्याला तीन कारणं असतात आणि बहुतेक घरांत तिन्ही एकदम असतात.

पहिलं, बटर खूप वेळ फेटलेलं. केकला हवा लागते, या कुकीला नको. फेटताना भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि कडा ढकलते. दुसरं, पीठ कोमट झालेलं. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात डिसेंबरातही दहा मिनिटांत बटर सैल पडतं. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून पीठ ५-६ मिलिमीटर जाड लाटा, आकार कापा, पण लगेच उचलू नका. आजूबाजूचं जादा पीठ काढून घ्या आणि खालच्या कागदासकट आकार पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये सरकवा. कडक झालेली कुकी हाताने उचलली तरी तिचा दंड वाकडा होत नाही, आणि ओव्हनमध्ये बटर वितळण्याआधी कडा धरून राहतात. मी यातलं एकच काही सांगू शकले असते, तर हेच सांगितलं असतं.

तिसरं कारण ओटीजी. दिवा बंद झाला म्हणजे ओव्हन तापला, असं धरू नका. १७५ अंशांवर, वरखालच्या दोन्ही कॉइल लावून, पंधरा मिनिटं तापवा. शक्य असेल तर आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. ओटीजीची बटणं बऱ्याचदा दहा-वीस अंशांनी चुकतात. मधल्या खणात ८ ते १० मिनिटं. कडा घट्ट आणि मध्यभाग दाबल्यावर किंचित मऊ असतानाच बाहेर काढा. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवली तर गार झाल्यावर दात दुखतील. पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा.

प्रश्न : मुलाच्या किंडरगार्टनमध्ये नाताळसाठी घरचं काही न्यायचं आहे. इथलं लेबकुखन (जर्मन जिंजरब्रेड) मऊ असतं, जिंजरब्रेड कडक. इथल्या पद्धतीचं घरी जमेल का? (म्युनिक)

जमेल, पण आधी मऊ हवं की आयसिंगने सजवायचं आहे ते ठरवा.

मऊ लेबकुखनाचं घर म्हणजे तुमच्यापासून जवळचंच न्युर्नबर्ग. शहराभोवतीच्या राजवनातला मध आणि व्हेनिसच्या वाटेने येणारे मसाले, या दोन्हींमुळे तिथे हा धंदा वाढला, आणि १६४३ मध्ये लेबकुखन भाजणाऱ्यांचा स्वतःचा वेगळा संघ झाला. १९९६ पासून ‘न्युर्नबर्गर लेबकुखन’ या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. त्या शहरात भाजलेल्यालाच ते नाव लावता येतं. त्यातला सर्वांत वरचा प्रकार एलिझेन. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के हवेत आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त नको, असा नियमच आहे. तो मऊ का, याचं उत्तर तिथेच आहे. त्यात मैदा जवळजवळ नाही. सुक्या मेव्याचं तेल आणि पाकवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली यांनी तो ओलसर राहतो.

घरी करायचा तर ३ अंडी आणि २०० ग्रॅम साखर फेसाळ फेटा. त्यात बदाम आणि हेझलनटची पूड प्रत्येकी २०० ग्रॅम, बारीक चिरलेल्या पाकवलेल्या साली १०० ग्रॅम आणि १ मोठा चमचा लेबकुखनचा तयार मसाला. तो तुमच्याकडे डिसेंबरात प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असतो. त्यात दालचिनी-लवंगेबरोबर बडीशेपेच्या जातीचा अ‍ॅनीस आणि चक्क धने असतात. मिश्रण ओब्लाटन या पातळ पांढऱ्या चकत्यांवर पसरा, वरचा भाग सुकावा म्हणून रात्रभर उघडं ठेवा आणि १६० अंशांवर वीसेक मिनिटं भाजा.

मुलांच्या हाती सजवायला काही द्यायचं असेल तर मात्र हा प्रकार नको. ऑक्टोबरफेस्टमध्ये गळ्यात अडकवतात ती आयसिंगची हृदयं ज्या तपकिरी, मैदा-मधाच्या लेबकुखनाची असतात, ते करा, किंवा वर सांगलीच्या वाचकांना दिलेलं प्रमाण काकवीऐवजी मध घालून वापरा. तयार मसाल्यात सुंठ कमी असते, ती वरून घाला. आणि काहीही न्यायच्या आधी सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात आहे का, हे बाईंना नक्की विचारा.

प्रश्न : आयसिंग कधी ओघळतं, कधी सुकतच नाही. लाल रंग पांढऱ्यात उतरतो. अंड्याशिवाय होईल का? (मुंबई)

रॉयल आयसिंगसाठी एका अंड्याचं पांढरं, साधारण ३० ग्रॅम, त्यात १६० ते १८० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे थोडे थेंब. कच्चं अंडं लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसांना देऊ नये, म्हणून मी घरीही मेरिंग पावडर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याची सुकवलेली पूड, वापरते. अंडं नकोच असेल तर काबुली चणे मिठाशिवाय शिजवून त्याचं पाणी निम्मं आटवा. गार केलेलं हे दाटसर पाणी २ मोठे चमचे घेऊन साखरेबरोबर फेटलं की अगदी तसंच पांढरंशुभ्र आयसिंग होतं. लिंबाने चण्याचा वास मारला जातो. नुसत्या दुधात कालवलेली साखर कामाची नाही, ती वरून कोरडी दिसते आणि डब्यात चिकटते.

ओघळण्याचं कारण म्हणजे एकच आयसिंग दोन कामांना वापरणं. कडेची रेघ ओढायला घट्ट हवं, चमचा उचलल्यावर टोक उभं राहील इतकं. आतला भाग भरायला त्यातलंच थोडं काढून थेंबाथेंबाने पाणी घाला. वरून सुरीने ओढलेली रेघ १० ते १५ सेकंदांत मिटली की थांबा. पातळ बाटलीतला रंग वापरू नका, जेल रंग टूथपिकच्या टोकाने घ्या. पांढरं पूर्ण सुकल्याशिवाय शेजारी लाल भरू नका. पंख्याखाली सहा-आठ तास तरी लागतातच, आणि किनाऱ्यालगतच्या हवेत रात्र.

किती सजवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला पांढरी रेघ, दोन डोळे, तीन बटणं एवढंच आवडतं. जाड गोड थराखाली सुंठ दबलेली मला बघवत नाही.

प्रश्न : सोसायटीतल्या मुलांबरोबर जिंजरब्रेडचं घर करायचं आहे. उभं राहील का? (पुणे)

उभं राहील. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये १९९१ पासून दर नाताळला जिंजरब्रेडचं अख्खं गाव उभं राहतं आणि त्यातली पुष्कळ घरं बालवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांनी केलेली असतात. घरासाठी सोडा निम्मा करा, भिंती ७ मिलिमीटर जाड ठेवा आणि नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त भाजा. पुठ्ठ्याचं घर आधी चिकटवून बघा, जुळलं तर त्याच तुकड्यांवरून पीठ कापा. भाजून बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच, तोच पुठ्ठा वर ठेवून कडा सुरीने सरळ करा. गार झाल्यावर त्या तुटतात. चार भिंती घट्ट आयसिंगने जोडून आतून डबे टेकवा आणि तीन-चार तास हात लावू नका. छप्पर त्यानंतरच. गरम साखरेचा पाक गोंद म्हणून वापरायला काही जण सांगतात. मुलं असताना तो विचारही नको, फार वाईट भाजतं.

खिडक्यांसाठी लिमलेटच्या गोळ्या जाडसर कुटा. भाजायची शेवटची चार-पाच मिनिटं उरली की खिडकीच्या भोकात भरा. वितळून रंगीत काच होते. खाली साधा बटर पेपर असेल तर काच त्याला कायमची चिकटेल, म्हणून सिलिकॉनची मॅट घाला आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. पुण्याच्या कोरड्या थंडीत ही काच आठवडाभर छान राहते.

प्रश्न : सजवली नाही तर मुलं खातील का? (सोलापूर)

स्वीडनमधली मुलं खातात. तिथल्या सुंठ-मसाल्याच्या कुकी, पेपरकाकोर, फार पातळ असतात आणि पुष्कळदा कोऱ्याच. तळहातावर एक ठेवायची, मनात इच्छा धरायची आणि मध्यभागी बोटाच्या पेराने दाबायची. तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी होते, असं मानतात. वर सांगलीच्या वाचकांना दिलेलंच पीठ ३ मिलिमीटर लाटून ६-७ मिनिटं भाजा आणि हा खेळ मुलांना शिकवा.

प्रश्न : आमच्याकडे नाताळला कलकल, नेवऱ्या, दोदोल असतंच. सोबत या कुकी ठेवायच्या तर किती दिवस आधी करू? (वसई)

कोऱ्या कुकी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तीन आठवडे सहज टिकतात, आणि दोन-तीन दिवसांनी मसाला अधिक खुलतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते. दोदोलच्या डब्यात तर मुळीच नको. तो ओलसर, तुमच्या कुकी दुसऱ्या दिवशी वाकतील. काकवीच्या वासाने मुंग्या येतात, तेव्हा डबा पाण्याच्या ताटात ठेवा. तुमच्या घरी नेवऱ्या तळायचं काम २३-२४ तारखेला असेल, तर कुकी १८ च्या सुमारास भाजून घ्या, २१ ला सजवा आणि रात्रभर सुकल्या की थरांमध्ये बटर पेपर घालून भरा.